कारेगावला बिब्बे फोडायला

२०२३ साल. मला शहात्तरावं लागलं होतं आणि पणती वीस दिवसांची होती. माझी नात पूजा बाळंतपणाला बापाकडं, म्हणजे माझ्या लेकाकडं, कारेगावात आली होती. बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी (बिब्ब्याच्या टणक बीतला गर) पाहिजे, आणि ती घरी फोडलेलीच पाहिजे, असं माझं मत. म्हणून पिशवीभर बिब्बे घेऊन पाटसहून निघालो. पणतीला पहिल्यांदा मांडीवर घ्यायचं होतं, ते तर होतंच.

चौफुल्याला गाडी बदलली. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "मामा, पिशवीत काय हाय?"

"बिब्बे."

बाई उठली ती थेट ड्रायव्हरमागं जाऊन बसली. बिब्बा उततो (त्याच्या तेलानं अंगाला सूज आणि फोड येतात), म्हणून लोक भितात. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रांगत होती, पण शिरूरपर्यंत सबंध बाक माझा. एवढी जागा पुढाऱ्याला मिळत नाही.

लेकाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. सून मंगल हिनं चहाबरोबर लाडू दिला. मी खाल्ला आणि सांगितलं, "गोडंबी न्हाई, म्हणून चव न्हाई." मंगलनं डब्याला झाकण लावलं.

पूजा म्हणाली, "आबा, आधी बाळाला घ्या की."

"आधी काम. मग निवांत घेतो."

बिब्बे फोडताना तेल लागू नये म्हणून हाताला राख चोळतात. गॅसच्या घरात राख कुठली? मंगलनं रबरी हातमोजे आणले.

"मी काय डाक्टर हाय? मेंढरांच्या खुरांना बिब्बा लावत वाढलोय. बिब्बा मला वळखतो."

बाल्कनीत बसून हातोडीनं दोन तास फोडले. वाटीभर गोडंबी ऐटीत मंगलपुढं ठेवली. तिनं कपाटातून दुकानातलं अर्धं पाकीट काढलं.

"आबा, मघाच्या लाडवात ही हुती."

"दुकानातली, म्हणूनच कळली न्हाई," मी म्हणालो.

मग बाळाकडं वळलो. चारदा साबण लावूनही बोटं काळीच. पूजानं बाळ छातीशी घट्ट धरलं. "लांबूनच बघा, आबा. तिची कातडी लई नाजूक हाय."

सकाळी तळवे भाकरीवानी फुगले होते, एक डोळा मिटलेला. आठ दिवस बाळाजवळ जायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं.

"तुमच्या हितलं पानी बाधलं," मी लेकाला म्हणालो. त्यानं मला परतीच्या गाडीत बसवलं.

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी जातानाच शहाणा होतो, त्यामुळं फारसा फरक पडला नाही. फक्त पोरीचे डोळे काळे का घारे, तेवढंही बघितलं नाही, हे वाटेतलं न्हावरं गाव मागं गेल्यावर ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपरण्यात हात गुंडाळून चौकात चहाला गेलो. कुणीतरी विचारलं, "काय आबा, घेतली का पणतीला?"

"घेतली की. लई वळवळी हाय," मी म्हणालो, आणि शेजारच्यानं माझ्या तोंडाशी धरलेल्या बशीतून चहा प्यालो.