वाकडी सीट

बाजाराच्या मागच्या गल्लीत गाड्यांच्या सीटा शिवायचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. गिऱ्हाईकं म्हणतात, शेजारचा टायरवाला म्हणतो, आणि त्याचे सत्तरीतले वडीलही म्हणतात. हे काम त्यांनी सासऱ्यांकडून उचललं. नवऱ्याला त्यात कधी गोडी वाटली नाही. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढतो, आणि बसायला काय दिलंय याकडे त्याचं आयुष्यात लक्ष गेलेलं नाही. लग्नानंतर सहा महिन्यांनी सासऱ्यांनी पाहिलं की सूनबाई फाटलेल्या पिशवीला असा टाका घालते की फाटलं कुठे ते शोधावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला दुकानात नेलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

मामंजींनी उमेदीच्या काळात एका सिनेमागृहाच्या नऊशे खुर्च्या एकट्याने मढवल्या होत्या. त्यांचा नियम एकच होता. डावं आणि उजवं सारखं हवं, आरशासमोर धरल्यासारखं. आता त्यांची नजर गेल्यात जमा होती, पण ते रोज अकराला दुकानात येत, स्टुलावर बसत आणि तयार सीटवरून बोटं फिरवत. शिवण गव्हाच्या दाण्याएवढी सरकली तरी बोट तिथे थांबे. मग वहिनी मुकाट्याने उसवायला घेत.

अशा दुकानात एका सकाळी दातांच्या डॉक्टरबाई आपली गाडी घेऊन आल्या. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. जुनीच घेतलेली होती, पण रंग असा लख्ख की टायरवाला हातातला पाना घेऊनच बघायला आला. डॉक्टरबाई छप्पन्न वर्षांच्या. गाडीतून बाहेर येताना त्यांनी एक हात छपरावर, एक दारावर ठेवला आणि विहिरीतून वर यावं तशा वर आल्या.

"घरच्यांनी वेड्यात काढलं," त्या म्हणाल्या. "पण वहिनी, तीस वर्षं लोकांच्या तोंडात बघितलं. म्हटलं, आता जरा समोरचा रस्ता बघावा."

"मग बघताय ना?"

"अर्धा तास बघते. त्यानंतर कमरेतून अशी कळ निघते की रस्ता दिसेनासा होतो. हाडांचे डॉक्टर म्हणतात, गाडी विका."

वहिनींनी चार बोल्ट काढून सीट बाहेर घेतली आणि कव्हर उतरवलं. खालचे रबरी पट्टे सैल पडले होते आणि फोमचा पार चोथा झाला होता. डाव्या बाजूला तो जरा जास्त बसला होता. वहिनींनी ते पाहिलं आणि झीज म्हणून सोडून दिलं. नवे पट्टे ताणले, नवा जाड फोम घातला आणि शिवून दिलं. डॉक्टरबाई बसल्या तर केस छपराला लागले आणि मांड्या स्टिअरिंगला. छोट्या गाडीचं हेच अवघड असतं. घरातल्या खुर्चीवर उशीवर उशी टाकता येते, इथे दोन बोटांच्या उंचीत सगळा संसार मांडायचा.

वहिनींनी फोम उतरवला. आता खाली दाट थर, वर मऊ थर आणि कमरेपाशी एक गोल उशी, अशी रचना केली. मामंजींनी बोटं फिरवली आणि "छान" म्हणाले, जे ते वर्षातून दोनदा म्हणत. आठ दिवसांनी डॉक्टरबाई परत आल्या.

"रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण आता वीस मिनिटांतच दुखतं."

वहिनी रागावल्या नाहीत, पण दिवसभर त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सीट निर्दोष होती. आपल्या कामात खोट असती तर ती काढता आली असती. खोटच नाही, तर काढायचं काय?

त्याच आठवड्यात मामंजींच्या कवळीने उच्छाद मांडला. जेवताना ती टकटक वाजे आणि हिरडी सोलवटे. वहिनी त्यांना डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी मामंजींच्या तोंडात निळ्या कागदाची पट्टी ठेवली, चावायला सांगितलं, कवळी बाहेर काढली आणि जिथे निळा डाग पडला होता तिथे बारीक घासलं. परत चावा, परत डाग, परत घासणं.

मामंजी कवळी काढलेल्या तोंडाने म्हणाले, "अहो, एका बाजूला जास्त घासताय. दोन्हीकडे सारखी नको का?"

"आजोबा, तोंड कुणाचंच सारखं नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सारखी केली तर कपाटात शोभून दिसेल. तिने जेवायचं असेल तर तुमच्या तोंडासारखी करावी लागेल."

वहिनी कोपऱ्यात बसून हे ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचं लक्ष डॉक्टरबाईंच्या पाठीकडे गेलं. बाई गोल स्टुलावर डाव्या अंगावर रेलल्या होत्या. डावा खांदा खाली, उजवी टाच उचललेली. हात धुवायला उठल्या तेव्हाही खांदा तसाच होता. तीस वर्षं त्याच बाजूने वाकून वाकून अंगाने तो बाक धरला होता. आणि अशा अंगाला आपण पाटासारखी सरळ सीट दिली, की बस आता सरळ. वहिनींना स्वतःचीच लाज वाटली. माणूस न बघता माप घेतलं होतं.

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "डॉक्टरबाई, असा ठसा सीटवर घ्यायचा तर कुठला कागद चालेल?" कार्बन पेपर चालेल, त्या म्हणाल्या.

घरी नवऱ्याने कपाट उपसून जुने कार्बन पेपर काढून दिले. बायको सीटवर कार्बन पेपर घालणार हे ऐकून तो म्हणाला, "एकाच वेळी दोन डॉक्टर छापून आण, एक घरीही लागतो." पण कागद त्याने मोजून, सरळ करून दिले.

वहिनींनी कव्हर उतरवून बसायच्या आणि पाठीच्या फोमवर पांढरं कापड पसरलं, त्यावर कार्बन, त्यावर पातळ चादर. डॉक्टरबाई बसल्या. वहिनी म्हणाल्या, "अशा नुसत्या नको. गाडी चालवा, मी शेजारी बसते." दोघी गावाबाहेरच्या रस्त्याने तासभर फिरल्या. वहिनी रस्त्याकडे कमी आणि डॉक्टरबाईंच्या कमरेकडे जास्त बघत होत्या.

"मी काही आपोआप सरळ व्हायची नाही ना?" डॉक्टरबाईंनी मध्येच विचारलं. "व्यायाम करते हो रोज. पण तीस वर्षांचा बाक वीस मिनिटांत कसा जाणार?"

"तो जाईल तेव्हा जाईल. तोवर बसायचं तर आहे."

परत आल्यावर कापड उचललं तर डावीकडे काळाकुट्ट ठसा होता, उजवीकडे फिकट, आणि पाठीच्या कापडावर उजव्या खांद्याच्या फऱ्यापाशी कोरं. तिथे अंग टेकतच नव्हतं. अधांतरी राहिलेला तो भाग रस्ताभर स्वतःला सावरून धरत होता.

वहिनींनी उजवीकडे बोटभर फोम चढवला आणि डावीकडे दाट तुकडा बसवला, म्हणजे अंग आणखी खचायचं नाही. पाठीला उजव्या अंगाने भर दिली. मांडीखालची कड थोडी पुढे घेतली, कारण डॉक्टरबाईंचा क्लचवरचा पाय अर्धा हवेतच राहत होता. हात चालत होते, पण मन कचरत होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी मुद्दाम वाकडं असं काही केलं नव्हतं.

अकराला मामंजी आले. त्यांची बोटं एकदा डावीकडून गेली, एकदा उजवीकडून. मग परत डावीकडून.

"सूनबाई, उजवीकडे चढ आहे."

"हो मामंजी."

"मग उसव."

"नाही," वहिनी म्हणाल्या. हा शब्द त्यांनी या दुकानात पहिल्यांदाच वापरला होता. त्यांनी ते काळं कापड मामंजींच्या हातात दिलं, आणि कापड दिसणार नाही हे लक्षात येऊन त्यांचं बोट धरून ठशांवरून फिरवलं. इथे भार आहे, इथे कमी, इथे काहीच नाही. मामंजींनी ते बोट स्वतःहून परत एकदा फिरवलं. टायरवाल्याकडे हवा भरायचं यंत्र सुरू होऊन बंद पडलं.

"नऊशे खुर्च्या केल्या मी," ते शेवटी म्हणाले. "त्यांवर कोण बसणार ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून सगळ्या सारख्या केल्या." थोड्या वेळाने म्हणाले, "तुला ठाऊक आहे. शीव."

वरून कव्हर चढल्यावर सीट डोळ्यांना बोचत होतीच. टायरवाला दारातूनच म्हणाला, "वहिनी, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." वहिनींनी खुलासा केला नाही, पण पुढचे दोन दिवस त्या ठशांचं कापड पुन्हा पुन्हा काढून बघत होत्या. आपण चुकलो असलो तर? डॉक्टरबाईंच्या नवऱ्याने गाडी चालवून पाहिली आणि दहा मिनिटांत खाली उतरून तो म्हणाला की या सीटवर कुणी तरी आधीच बसलंय.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. बहिणीकडे गेल्या होत्या, दोन तासांचा रस्ता.

"कंबर?" वहिनींनी विचारलं.

"कमरेची आठवणच झाली नाही. पण शेवटी शेवटी डाव्या मांडीला मुंग्या आल्या."

"पुढची कड चावत असेल. बुधवारी गाडी घेऊन या, थोडी उतरवू."

फोन ठेवून वहिनी समोरच्या कामाकडे वळल्या. एका टेम्पोची सीट आली होती, मालक ती सोडून निघालाच होता. त्यांनी त्याला हाक मारली आणि म्हणाल्या, "थांबा जरा. आधी दारातल्या त्या बाकड्यावर बसून दाखवा. तुम्ही टेम्पोत रोज बसता तसेच."