लाल डबीचा प्लेअर

कवळीकाकांचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे, आणि त्याला त्यांचा धंदाच कारण होता. ते कवळ्या बनवत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवत आणि काका मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसून त्यावर दात लावत. पण आधी मेणावर. मेणात रोवलेले दात माणसाच्या तोंडात घालून बघायचे, त्याला बोलायला लावायचं, हसायला लावायचं, मग कुठे पक्की कवळी करायची. एखाद्या घाईतल्या डॉक्टरनं ही मेणाची ट्रायल वगळायला सांगितली की काका साचा परत पाठवून देत. "उद्या ते दात बोलताना वाजले तर शिव्या मला बसणार, तुम्हाला नाही," एवढं सांगून मोकळे होत.

घरीही तीच तऱ्हा. पंखा घ्यायचा तर दुकानात तो ओले हात कोरडे होईपर्यंत चालवून बघणार, चपला घ्यायच्या तर घालून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येणार. काका लांबून येताना दिसले की दुकानदार आधी पाणी पिऊन घेत. ट्रायल न घेता ते फक्त दोन माणसांचा शब्द मानत. एक काकू. मधुमेह निघाल्यापासून काकू चहाचा कप टेबलावर ठेवून "बिनसाखरेचा आहे" म्हणत आणि काका कामावरून मान वर न करता तो पिऊन टाकत. दुसरे साडू.

साडू म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एका मोठ्या दुकानात टीव्ही आणि स्पीकरचा विभाग सांभाळायचा. बोलघेवडा, हसरा, कुणाच्याही घरात पाचव्या मिनिटाला पाय वर घेऊन बसणारा. दोघांनी एकाच सासऱ्याचा तापट स्वभाव सोसला होता, आणि असं एकत्र सोसलेल्या माणसांत जी दोस्ती होते ती सहसा तुटत नाही, असं निदान काका धरून चालले होते.

काकूंना कशाचा म्हणून सोस नव्हता, एक सिनेमा सोडून. पण गुडघे गेले आणि थिएटरचे जिने बंद झाले. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, फक्त पेपरातलं सिनेमाचं पान न उघडताच घडी घालून ठेवू लागल्या. काकांच्या ते नजरेत आलं. मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यावर तिची खोली रिकामीच होती. काकांनी तिथं होम थिएटर करायचं ठरवलं. जाड पडदे लावले, भिंतभर पडदा आणला, स्पीकर इकडून तिकडे सरकवून काकूंना मधल्या खुर्चीत बसवलं. "आता मागून कुणीतरी बोलतंय असं वाटतं," असं त्या म्हणाल्या तेव्हाच काकांनी स्पीकरचे खिळे ठोकले.

राहिला होता प्लेअर, आणि तिथंच घोडं अडलं. हाय डेफिनिशन डिस्क तेव्हा नुकत्याच आल्या होत्या आणि त्यांच्या दोन जाती होत्या. एक निळ्या डबीत यायची, एक लाल. निळी डिस्क लाल जातीच्या मशीनमध्ये चालायची नाही आणि लाल डिस्क निळीच्या. सिनेमाच्या कंपन्याही दोन तट पडून भांडत होत्या.

काका दुकानोदुकानी फिरले. बाकीची गिऱ्हाइकं धडाधड फुटणाऱ्या गाड्या बघून माना डोलवायची. काका नटी हसली की चित्र थांबवायला सांगत, चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावत आणि दात बघत. दात आणि हिरडी जिथं भेटतात ती रेघ स्वच्छ दिसली तर मशीन चांगलं. "हिचा वरचा सुळा नकली आहे," असंही एकदा सांगून आले. पण लाल काय, निळी काय, दोन्हीकडे सुळा सारखाच नकली दिसत होता. काका पुरते पेचात पडले.

शेवटी त्यांनी साडूंना विचारलं.

"लाल घ्या," साडू म्हणाले.

"दोन्ही एकदा घरी आणून लावून बघू का? आपल्या खोलीत, आपल्या पडद्यावर?"

"अहो साडूभाऊ, मी रोज हेच विकतो. प्लेअर म्हणजे काय कवळी आहे का? डोळे मिटून लाल घ्या."

काकांनी डोळे मिटले. साडू स्वतः प्लेअर घेऊन आले, तारा जोडल्या, पोटभर जेवले आणि काकांच्या पाठीवर थाप मारून गेले. काकू त्या दिवशी फारसं बोलल्या नाहीत. गुडघे दुखत असतील, असं काकांना वाटलं.

पण संध्याकाळी सिनेमा सुरू झाला आणि काकू खुलल्या. खलनायकाला शिव्या घातल्या, रडायच्या जागी रडल्या. काका पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होते. काही महिने असे फार सुखाचे गेले.

मग एक दिवस डिस्क भाड्यानं देणाऱ्या लायब्ररीवाल्यानं डोकं खाजवलं. "काका, लाल डब्या आता येणार नाहीत. कंपनीनंच हात वर केले. जुन्या आहेत तेवढ्या फिरवून फिरवून बघा."

काकांना वाईट वाटलं, पण स्वतःचं नाही. पहिला विचार आला तो साडूंचा. बिचारा तोंड लपवत फिरत असेल, आपल्याला कसं सांगू म्हणून कुढत असेल. काका तसेच उठले आणि त्याची समजूत काढायला त्याच्या घरी गेले. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली. तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं का, चालायचंच.

साडू घरी नव्हते. मेहुणीनं बसवलं आणि पाणी आणायला आत गेली. समोर टीव्ही होता. टीव्हीखाली प्लेअर होता आणि त्याच्या शेजारी निळ्या डब्यांची उतरंड.

"हा कधी घेतला गं?" पाण्याचा पेला हातात घेत काकांनी विचारलं.

"तुमच्या आधीच की, भावोजी." ती सहज बोलून गेली आणि मग थबकली. "ताई बोलली नाही तुम्हाला?"

"काय बोलायचं होतं?"

मेहुणी पदराशी चाळा करत उभी राहिली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लाल मशीन्स दुकानात पडून होती, मालकानं साडूंना ती खपवायला लावलं होतं, नाहीतर नोकरी गेली असती. "मी ताईला सांगितलं होतं तेव्हाच. म्हटलं, भावोजींना फसवल्यासारखं होईल. तर ती म्हणाली, जाऊ दे गं, त्यांना काय, दातच तर बघायचेत."

काकांनी पेला तसाच खाली ठेवला. साडूनं केसानं गळा कापला होता, याचा राग आलाच. पण तो राग कसा काढायचा हे त्यांना माहीत होतं. चार शिव्या, वर्षभर अबोला, मग कुणाच्या तरी लग्नात समेट. दुसऱ्या गोष्टीचं काय करायचं, हे मात्र कळेना. खोली जिच्यासाठी केली तिनंच, सगळं माहीत असून, त्यांना डोळे मिटू दिले होते.

घरी काकू थिएटरच्या खोलीत बसल्या होत्या. शेजारची खुर्ची काकांसाठी पुसून ठेवलेली. पडद्यावर तोच, पाठ झालेला सिनेमा. काकांनी आवाज बंद केला.

"तुला माहीत होतं?"

काकूंनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "माझ्या बहिणीचं घर उघड्यावर आलं असतं," त्या म्हणाल्या.

"मला सांगायचंस. मी तरीही लालच घेतला असता."

"घेतला असता तुम्ही. आणि जन्मभर बोलून दाखवलं असतं. तिला, मला, येणाऱ्या-जाणाऱ्याला."

हे खोटं आहे असं काकांना छातीठोक म्हणता येईना, आणि खरं आहे म्हणून दुखायचंही थांबेना. पडद्यावरची नटी आवाजाशिवाय हसत होती. काकांनी तिच्या दातांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मागच्या खोलीत आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

थोड्या वेळानं काकू चहा घेऊन आल्या. कप नेहमीच्या जागी ठेवला.

"बिनसाखरेचा आहे."

काकांनी हातातलं मेण बाजूला ठेवलं. कप उचलून आधी एक छोटा घोट घेतला, तो जिभेवर घोळवला, मग गिळला. चहा बिनसाखरेचाच होता. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. मग त्या वळल्या आणि आत जाऊन त्यांनी सिनेमा बंद केला.