बिनधाग्याची सुई
जुन्या लुगड्याचा मऊ वास आला की मला प्रतापनगरच्या घरातली ती दुपार आठवते. सासूबाई आणि मी बाळासाठी गोधडी शिवत होतो. धागा संपला, तशी मी रिकामी सुई गोधडीतच टोचून उतू जाणारं दूध उतरवायला धावले. परत आले, तर माझी तीन महिन्यांची लेक त्याच गोधडीवर निजवलेली, आणि सुई कुठेच दिसेना. "धागा दिसला नाही वं, मले वाटलं सुई काढून ठेवली," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी लेकीला अलगद उचललं. मी फ्रिजवरचं चुंबक गोधडीभर फिरवलं, काहीच नाही. झबल्याच्या पाठीवर नेताच ते टकदिशी चिकटलं. लेक हसत होती. आता ती कॉलेजात जाते, तरी तिला जवळ घेताना माझा हात आधी तिची पाठ चाचपतो.