न हलणारी जमीन

डेकसाहेब जमिनीला जमीन म्हणत नसत, डेक म्हणत. नेकनूरच्या स्टँडवर बसची वाट बघतानासुद्धा पाय फाकवून, गुडघे किंचित सैल सोडून उभे राहत. जणू फलाट आता एका बाजूला कलणार आहे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणत, "अवो, जहाज सोडून लई वर्सं झाली. आता तरी पाय जवळ घ्या, लोक बघायलेत." साहेब म्हणत, "बघू दे. पडले तर तेच पडतील, मी न्हाई."

नौदलात ते युद्धनौकेवर होते. जहाजाकडे येणारं क्षेपणास्त्र हेरायचं आणि वाटेतच पाडायचं, हे त्यांच्या यंत्रणेचं काम. निवृत्तीनंतर तीच यंत्रणा जमिनीवर, ट्रकवर बसवायच्या प्रकल्पाचे प्रमुख म्हणून ते आमच्या संस्थेत आले. मी तिथे अभियंता. माझं गाव तलवाडा आहे म्हटल्यावर ते खुलले. "म्हणजे आपल्याच काळ्या मातीतला हायस की बे!" डेकसाहेब हे नाव आम्ही त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

जहाजावरची एक सवय त्यांनी जशीच्या तशी जमिनीवर उतरवली होती. चाचणीआधी ते एकेका कामाचं नाव पुकारत. "रडार?" "तयार." "वीज?" "तयार." ज्याचं काम त्यानंच आपल्या तोंडानं सांगायचं, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं मान डोलावलेली चालत नसे. नेकनूरच्या घरी जेवणाआधीही हेच. "भाकरी?" की काकू ओट्यापासून ओरडत, "तयार, तयार!" "पाणी?" की मुलगी. मी असलो की माझ्या कामाच्या, म्हणजे ट्रकच्या तळाच्या नावानं, "प्लॅटफॉर्म?" एकदा "मीठ?" म्हटल्यावर मुलगी म्हणाली, "तयार न्हाई बाबा, विसरले." साहेब स्वतः उठून मीठ घेऊन आले. मला म्हणाले, "'तयार न्हाई' म्हणणाऱ्यावर कधी ओरडू नये. ओरडलं की पुढच्या बारीला तो खोटं बोलतो."

जहाज सतत डुलतं, म्हणून मूळ यंत्रणेत डेकचा कल क्षणोक्षणी मोजून नेम सावरणारा एक भाग होता. ट्रकसाठी तो काढून टाकावा, हा आग्रह माझा. वजन कमी होईल, बिघाड कमी होतील. चारही लोखंडी पाय टेकवून ट्रक एकदा समतल केला की झालं. "सर, जमीन हलत नाही," मी म्हणालो. साहेबांनी आराखड्यातल्या त्या भागावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "माझी उमर पाण्यावर गेली. तू शेतकऱ्याचं पोरगं. तू म्हणतूस तर काढू." त्यांना पटलं नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

आणि मी कोण? पावसाळा आला की ज्याच्या घराचं दार चौकटीत अडकून बसतं, भिंतीतली लिंपलेली भेग पुन्हा उघडते, अशा घरात वाढलेला माणूस. काळी माती भिजली की फुगते, वजनाखाली दबते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण आराखड्यात जमीन म्हणजे एक सरळ रेघ होती आणि मला तेवढीच दिसली.

चाचणी नेकनूरच्या पुढे एका माळावर होती. काही उडवायचं नव्हतं. एका छोट्या विमानाचा माग काढत लाँचरनं नेम धरून ठेवायचा, इतकंच. माळ मुरमाड, पण ट्रकचा एक पाय कडेच्या काळ्या रानात आला होता. आदल्या संध्याकाळी अवकाळी सर येऊन गेली. सकाळी समतल पुन्हा तपासायचं काम माझं. पण मोठे अधिकारी आले होते, मंडपात चहा चालला होता, आणि मला त्यांच्यासमोर चिखलात गुडघे टेकायची लाज वाटली.

"प्लॅटफॉर्म?" साहेबांनी पुकारलं.

"तयार, सर."

रडारला विमान नीट दिसत होतं. लाँचर भलतीकडेच बघत होता.

चौकशी बसली तोवर ट्रक माळावरून हलला होता, कुठला पाय खचला ते दिसायला काही उरलं नव्हतं. साहेब एवढंच बोलले, "माझ्या माणसांनी तयार म्हटलं होतं. त्यापुढची चूक माझी." बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. जहाजावरचं जमिनीवर आणणं त्यांना जमलं नाही, असं ठरलं आणि प्रकल्प त्यांच्याकडून काढून मला दिला गेला. मी पहिलं काम काय केलं असेल? तो कल मोजणारा भाग गुपचूप परत बसवला. पुढची चाचणी साधली. माझं कौतुक झालं.

नेकनूरला जाणं मी सोडलं नाही. साहेबांच्या बोलण्यात कधी कडवटपणा आला नाही. फक्त जेवणाआधी ते भाकरी पुकारत, पाणी पुकारत आणि जेवायला सुरुवात करत. प्लॅटफॉर्म पुकारत नसत. एकदा काकूच म्हणाल्या, "अन् ह्यांना इचारलंच न्हाई?" साहेब म्हणाले, "जेवू दे त्याला." तसली भाकरी मी काही वर्षं खाल्ली.

मग ते आजारी पडले. खाटेशी बसून मी एकदाचं सांगितलं, "सर, त्या दिवशी मी तपासलंच नव्हतं."

"ठाऊक हाय. खचलेला पाय मी तवाच बघितला होता."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"तुझ्या कामाचं मी कसं सांगू? ज्याचं त्यानं सांगायचं." थोडं थांबून म्हणाले, "अन् आता तरी मला कावून सांगायलास, बे? ज्यांनी इचारलं त्यांना सांग."

सांगितलं. चौकशीच्या त्याच खोलीत, उभं राहून. प्रकल्प माझ्याकडून गेला. साहेबांच्या नावापुढचा ठपका पुसला जाईल की नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ते सांगायला मी नेकनूरला गेलो, ते साहेबांबरोबरचं माझं शेवटचं जेवण. त्यांना धरून पाटावर बसवावं लागलं. आवाज बारीक झाला होता.

"भाकरी?"

"तयार," काकू म्हणाल्या.

"पाणी?"

"तयार, बाबा."

काकू माझ्या ताटात वाढायला वाकल्या. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"प्लॅटफॉर्म?"

मी काकूंकडे, मग मुलीकडे बघितलं. साहेब थांबून राहिले. कुणी माझ्या वतीनं उत्तर दिलं नाही.

"तयार, सर," मी म्हणालो, आणि साहेबांनी भाकरी मोडली.