मामींचा एकच जीव

राक्षसाला 'अहो' म्हणणारी बाई अख्ख्या चेन्नईत एकच, आणि ती सहा वर्षं आमच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या मजल्यावर राहत होती. नवऱ्याच्या बदलीमागे मी सांगलीहून चेन्नईच्या पेरुंगुडी भागात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जिन्यात "मराठी की गे तूं?" असं विचारून त्यांनी मला अडवलं. तंजावरकडचं जुनं मराठी, त्याला तमिळचा हेल. पहिले दोन महिने मी निम्मं अंदाजानेच समजून घेत होते. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सगळी इमारत त्यांना मामी म्हणे, म्हणून मीही. त्यांच्या लेकीने व्हिडिओ कॉलसाठी जुना लॅपटॉप पाठवला, त्यात जावयाचा एक खेळ चुकून राहून गेला होता. मामी त्या खेळात शिरल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

आमच्या ऑफिसातली पोरं लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये याच खेळांबद्दल बोलतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. समजावलं ते मामींनी. यात पत्ते नाहीत की चेंडू नाही. आपण एक माणूस व्हायचं, त्याला नाव द्यायचं आणि त्याच्या पायांनी एका परक्या राज्यात हिंडायचं. वाटेत भेटेल तो काहीतरी विचारतो, खाली तीन उत्तरं उमटतात, आपण एक निवडायचं. पोरं ही उत्तरं न वाचताच पुढे पळतात. मामी चष्मा पुसून तिन्ही वाचायच्या, मग कॉफी करून आणायच्या, मग निवडायच्या. एकदा मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? त्या म्हणाल्या, "इथें मला विचारतात गे."

मामींनी आपल्या योद्धा मुलीचं नाव यमुना ठेवलं होतं. ते त्यांचं स्वतःचं माहेरचं नाव. लग्नात तांदळात दुसरं लिहिलं गेलं, आणि ते लिहिताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. यमुनेला नियम फार. परक्याच्या घरात शिरून पेट्या उघडायच्या नाहीत. कुणी दिलं तरच घ्यायचं. राक्षसांना आधी समजावायचं, मगच तलवार. आणि एकादशीला उपास. खेळात भाकरी खाल्ली की घटलेली शक्ती भरते, पण एकादशीला मामी तिला नदीकाठी नुसत्या बसवून ठेवत. शिवाय खेळ सुरू करतानाच त्यांनी सगळ्यांत कठीण अट निवडली होती: यमुना एकदा मेली की मेली, पुन्हा पहिल्यापासून. "माणसाला जन्म एक, मग तिला दहा कशाला?" त्या म्हणाल्या. दीड वर्ष झालं होतं, आणि यमुना जिवंत होती.

मग मामींचा उजवा हात थरथरायला लागला. पुढे तो वाढणारच, असं डॉक्टर म्हणाले. लेकीने हैदराबादला आपल्या घरी खोली तयार केली, तिकीट काढलं, आणि काढल्यावर कळवलं. हात असा, म्हणजे नव्याने सुरुवात करणं आता होणार नव्हतं. उरला होता काळ्या किल्ल्यातला शेवटचा राक्षस, ज्याला मामी तीन आठवडे समजावत होत्या आणि जो काही केल्या ऐकत नव्हता. निघायचा दिवस शनिवार, टॅक्सी चार वाजता. मी पावणेचारला वर गेले तर खोल्या रिकाम्या, खोकी दाराशी, आणि मामी खुर्चीत खेळाचा बटणांचा कंट्रोलर धरून.

"सुरू केलंय," त्या म्हणाल्या. "बस."

मी बसले. घरात पंख्याशिवाय आवाज नाही. राक्षसाने पहिलाच घाव असा घातला की यमुनेची शक्ती निम्म्यावर आली. दुसऱ्या घावाला पावपट.

"मामी, भाकरी! भाकरी खायला घाला तिला!"

"एकादशी की गे आज."

"अहो, ती मरेल!"

"मरेल. उपास मोडायची नाहीं."

चेष्टेत नव्हतं ते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे पडद्यावरून हलत नव्हते. दीड वर्षांची पोर डोळ्यांदेखत जाणार आणि ही बाई तत्त्वाला चिकटून बसणार! मला संताप आला, रडूही आलं. तेवढ्यात आठवलं. विहिरीचं पाणी भरून दिलं म्हणून एका म्हातारीने यमुनेला अंजीर दिले होते.

"फळं! दिलेली आहेत, घेतलेली नाहीत! फळ चालतं ना?"

राक्षस कुऱ्हाड उगारत होता आणि मामी विचार करत होत्या. "मला पाणीही नको," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ती लेकरू आहे. तिला चालेल."

आता बोट बटणावर पडेना. हात नुसता उडत होता. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. न राहवून मी कंट्रोलर ओढला. त्यांनी थाडकन माझ्या मनगटावर मारलं.

"विचारल्याबिगर?"

मी हात मागे घेतला. "मामी, मी धरू का?"

"धर," त्या म्हणाल्या. मग मी त्यांचा हात खालून धरला, आणि बटण त्यांनीच दाबलं. एक अंजीर, दोन, तीन. यमुना उठली. त्यानंतर सात-आठ मिनिटं मी तो हात सोडला नाही. राक्षस गुडघ्यावर आला तेव्हा मामी पुटपुटल्या, "सांगत होतें ना हो तुम्हांला."

दारात त्यांना न्यायला आलेली लेक उभी. "अम्मा, टाइम आच्चु! वेळ झाली, टॅक्सी आली."

पडद्यावर राजा यमुनेला विचारत होता, आता काय करणार? खाली तीन उत्तरं: राज्य घेते. घरी जाते. पुढे चालत राहते. मामींनी तिन्ही दोनदा वाचली. मग लॅपटॉप मिटून माझ्या मांडीवर ठेवला. "उत्तर देऊं नको," म्हणाल्या, आणि जिना उतरल्या. मला त्यांच्या पाया पडायचंही सुचलं नाही.

लॅपटॉप आमच्याकडे आहे. उघडला की यमुना उभी असते, राजा विचारत असतो. दर एकादशीला मामींचा फोन येतो. "उत्तर नाहीं ना दिलेंस?" नाही म्हटलं की त्यांना बरं वाटतं. मामींची मला फार आठवण येते, हे मी सांगते. त्या "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून विषय बदलतात. परवा मीच धीर करून विचारलं, "मामी, तुम्हाला इकडे परत यावंसं वाटतं का?"



"आधीं तिन्ही उत्तरें सांग गे," त्या म्हणाल्या.

मी अजून शोधते आहे.