फलश्रुती नसलेली पोथी

माझ्या इंग्रजी कवितेच्या पुस्तकावर हळदकुंकू वाहिलेलं आहे.

ते ज्यांच्यामुळे वाहिलं गेलं, ते आमचे स्वामी सर काल परभणीत वारले. नव्वदीला टेकले होते. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

असं जाणं मागून मिळत नाही.

सर आम्हाला बी.ए.ला व्हिक्टोरियन पोएट्री शिकवायचे. परीक्षेत एक प्रश्न ठरलेला: त्या काळच्या कवितेने सामाजिक प्रश्नांना कसा प्रतिसाद दिला? गाइडमध्ये उत्तर तयार असायचं. कुणाच्या हातात गाइड दिसलं की सर म्हणायचे, "त्याचं उत्तर मालूम आहे मला. तुमचं सांगा."

त्यांची शिकवायची पद्धत श्रावणातल्या पोथीची. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा.

मी नांदेडच्या कॉन्व्हेंटमधली, म्हणून वाचायला मी. अर्थ सांगायला मंगल. ती चुडाव्याहून रोज रेल्वेने यायची. इंग्रजी वाचताना अडखळायची, पण कविता तिला माझ्या आधी कळायची.

"तू लय गोड वाचतीस गं," ती म्हणायची. "पण असं वाचतीस, जसं काय त्या पोरीला काई झालंच न्हाई!"

ती पोरगी म्हणजे आमच्या कवितेतली. कापडगिरणीत कामाला जाणारी, यंत्रापाशी उभ्या उभ्या झोपणारी.

सर सांगायचे, "राणीचं राज्य. गिरण्या, धूर, पैसा. काही कवी जुन्या राजांच्या गोष्टींत जाऊन बसले. काहींनी खिडकी उघडून गल्लीत पाहिलं. कवीला कायदा करता येत नाही. पण ऐकणाऱ्याला लाज आणता येते."

मग हळूच, "त्या गिरणीतला थोडा कापूस आपल्या रानातलाही असेल बरं."

दुसऱ्या वर्षी ऐन श्रावणात मंगल यायची बंद झाली. तिच्यासोबत गाडीला असणाऱ्या मुलीने सांगितलं, "तिच्या बाबांनी कॉलेज सोडवलं. स्थळं बघायलेत."

सरांनी विचारलं, "काय करतात वडील?"

"शेती. अन् देवळात पोथी वाचतात."

सर एकदम खूश. "मग काम सोपं झालं. सोमवारी चुडाव्याला जायचं. बेटा, पुस्तक घे."

मंगलचे वडील, माणिकमामा, देवळाच्या ओट्यावरच भेटले. "या गुरुजी. पण पोरीचं काढू नका."

"नाही काढत. तुमची पोथी झाली की आमची एक वाचू द्या. फक्त आमच्याकडे अर्थ सांगणारं कुणी नाही. तुमची मंगल द्या घडीभर."

पोथी वाचतो म्हणणाऱ्याला देवळात नाही कोण म्हणणार?

मी वाचलं. मंगलने अर्थ सांगितला.

"ह्या पोरीच्या केसाला कापूस चिकटलाय, आपल्या जिनिंगमधल्या बायांसारखा. भाईर लोकं म्हणायलेत, राज्य लय मोठं झालं. अन् ही हितं उभ्या उभ्या झोपायलीय. बाई, तुला काय पायजे, असं तिला कुणीच इचारलं न्हाई."

शेवटचं वाक्य बोलताना ती वडिलांकडे बघत नव्हती. बाकी सगळे बघत होते.

मग मंगलची म्हातारी आत्या उठली. अध्याय संपला की करतात तसं तिने माझ्या टेक्स्टबुकवर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, डोकं टेकवलं. मी पुस्तक ओढणार, तेवढ्यात सरांनी डोळ्यांनी दटावलं.

आत्या म्हणाली, "मास्तर, हिची फलश्रुती सांगा की. आयकणाऱ्याला काय मिळतं?"

प्रत्येक पोथीच्या शेवटी ती असतेच. मी वेड्यासारखं पान उलटून पाहिलं.

सर म्हणाले, "ह्या पोथीला फलश्रुती नसते, आत्याबाई. कवीनं लिहिलीच नाही. ती ऐकणाऱ्यानं करायची असते."

मामा पोथी रुमालात बांधत होते. गाठ मारली, सोडली, परत मारली.

"मंगे, सकाळची गाडी टायमावर असती का आजकाल?"

"असती बाबा."

"मग हितं काय बसलीस? जा, पुस्तकं काढून ठीव."

आणि सरांकडे वळून, "गुरुजी, तुमी लय बेरकी!"

सर हसले. "पोथी तुमच्या गावची, मामा. मी नुसतं पान उलटलं."

मंगल पुढे इंग्रजीचीच बाई झाली. किती मुलींना तिने वर्गात अर्थ सांगायला उभं केलं, तिलाच ठाऊक. गेल्या वर्षी रिटायर झाली.

आज सकाळी तिचाच फोन आला. बराच वेळ आम्ही दोघी सरांच्या नकला करून हसत होतो.

मग ती म्हणाली, "ते पुस्तक हाय का गं तुझ्याकडं?"

"आहे की."

"मग वाच. मी अर्थ सांगते."

फोनवर कविता वाचली. कुंकवाचा डाग आता फिकट तपकिरी झालाय, पण त्याखालची ओळ दिसते.

ह्या खेपेला ती म्हणाली नाही, की त्या पोरीला काही झालंच नाही असं वाचतेस.

सर, सावकाश जा. पोथी आमच्याकडे आहे.