त्यांच्या वाटणीच्या करंज्या

नाताळच्या आठवड्यात वसईच्या गल्ल्यांतून आम्ही दोघं दरवर्षी सजावट बघत फिरायचो. यंदा हे गेल्यानंतरचा पहिलाच नाताळ. घरात बसवेना, म्हणून एकटीच निघाले. वाटलं, तेवढंच मन रमेल.

दारोदारी कागदी चांदण्या लटकत होत्या. एका विहिरीच्या रहाटालाही कुणीतरी दिव्यांची माळ गुंडाळली होती. मी वळून "ते बघा" म्हणायला गेले, तर शेजारी कुणी नव्हतं. सुंदर काही दिसलं की ते आधी कुणाला तरी दाखवावंसं वाटतं. दाखवायला माणूसच नसलं, की डोळ्यांना सगळं दिसतं, पण आत काही पोचत नाही.

कोपऱ्यावरच्या घरी मेरीबाई दरवर्षी अंगणात गवताचा गोठा करतात. आमची ओळख वर्षातून एकदाची, तेवढीच. गोठ्यात मातीची मेंढरं मांडता मांडता त्यांनी मला पाहिलं.

"अगोबाई, आज एकट्याच? साहेब कुठे आहेत?"

त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की माझ्याच्यानं सांगवेना. "नाही जमलं त्यांना यायला," मी म्हटलं.

"मग ह्या करंज्या त्यांना द्या. आणि पुढच्या वर्षी घेऊनच या हं त्यांना!"

घरी येऊन पुडा सोडला. एक करंजी तोंडाशी नेली, पण खाववेना. त्या एका अंगणात हे अजून जिवंत होते, आणि म्हणूनच आता तिथे मला पुन्हा जाता येणार नव्हतं.